स्पीडोमीटर एक सांगतो, काउंटर दुसरंच: ब्राउझरचा वेग मोजायला कोणतं साधन घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका पतसंस्थेच्या संगणक विभागातल्या वाचकाला सगळ्या शाखांसाठी एकच ब्राउझर ठरवून द्यायचा आहे. काउंटरवरचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्येच चालतं. यंत्रं बहुतेक 4 जीबी रॅमची, फिरत्या हार्ड डिस्कची, विंडोज 10 वरची. त्यांनी एका यंत्रावर स्पीडोमीटर 3 आणि जेटस्ट्रीम 2 हे दोन बेंचमार्क, म्हणजे ब्राउझरचा वेग मोजणाऱ्या तयार चाचण्या, चालवून पाहिले. दोन्हीत क्रोम पहिला आणि फायरफॉक्स थोडा मागे आला. एज स्पीडोमीटरमध्ये बराच मागे राहिला आणि जेटस्ट्रीममध्ये तर पार तळाला गेला. काउंटरवरची मंडळी मात्र म्हणतात, "आम्हाला फायरफॉक्सच बरा वाटतो." मग कोणता बेंचमार्क खरा मानायचा, की तिसराच एखादा घ्यायचा?

दोन्ही बेंचमार्क आपापल्या जागी बरोबर आहेत आणि काउंटरवरची मंडळीही खोटं बोलत नाहीत. एकच प्रश्न तिघांना विचारला असं तुम्हाला वाटतंय, पण उत्तरं तीन वेगळ्या प्रश्नांची आली आहेत. तुमच्या निर्णयाला त्यातलं काउंटरचं उत्तर सर्वांत जवळचं आहे, फक्त ते आकड्यांत मांडलेलं नाही. ते आकड्यांत आणायला तिसरा तयार बेंचमार्क शोधू नका. तुमच्याच सॉफ्टवेअरवर, तुमच्याकडच्या सर्वांत रडक्या यंत्रावर चालणारी छोटी चाचणी लिहा. त्यासाठी मी ब्राउझरटाइम हे साधन घेईन.

पण आधी एजचं बघू, कारण तिथे पाणी मुरतंय. क्रोम आणि एज दोघेही क्रोमियम या एकाच मुक्त पायावर उभे आहेत. पान मांडणारं ब्लिंक तेच आणि जावास्क्रिप्ट चालवणारं व्ही-8 तेच. आवृत्त्या सारख्या असतील तर दोघांत थोडाफार फरक पडणं समजू शकतं, पण एकाने एकदम तळ गाठावा हे पटत नाही. असा आकडा दिसला की ब्राउझरला नावं ठेवण्याआधी त्याच्या सेटिंग तपासायच्या. माझा पहिला संशय वेबवरची सुरक्षा वाढवणाऱ्या पर्यायावर आहे. एजच्या गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये तो सापडेल. तो सुरू असला की एज अनोळखी संकेतस्थळांवर जावास्क्रिप्टचं जिट कंपायलेशन बंद ठेवतो. म्हणजे वारंवार चालणाऱ्या कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करून ठेवायचं सोडून तो कोड दर वेळी इंटरप्रिटरमधून ओढत न्यायचा. शुद्ध आकडेमोडीच्या चाचण्या अशा वेळी कोसळतात. पानातले घटक बनवणं, त्यांना स्टाइल लावणं, मांडणी करणं ही कामं मात्र त्या मानाने कमी झळ सोसतात. तुमच्या आकड्यांचा नमुना नेमका हाच आहे.

यातली खरी मेख पुढे आहे. या पर्यायाच्या 'संतुलित' पातळीवर, ज्या संकेतस्थळांवर तुमचं नेहमी येणंजाणं असतं ती या बंधनातून सुटतात. म्हणजे रोज दिवसभर उघडं असलेलं काउंटरचं सॉफ्टवेअर एजमध्ये कदाचित पूर्ण वेगाने चालत असेल आणि आयुष्यात एकदाच उघडलेल्या जेटस्ट्रीमचे पाय मात्र बांधलेले असतील. अशा वेळी बेंचमार्कचा आकडा खरा असूनही तुमच्या कामाबद्दल तो काहीच सांगत नाही. संस्थेच्या ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या यंत्रांवर एकदम नियम लावायची विंडोजची सोय) ही सेटिंग सक्तीने लावली आहे का, तेही बघा. लावली असेल तर सुरक्षेच्या माणसाला विचारल्याशिवाय तिला हात लावू नका.

आता स्पीडोमीटर आणि जेटस्ट्रीम काय मोजतात ते पाहू.

ब्राउझर बेंचमार्कांचा इतिहास हा बराचसा त्यांना जिंकण्यासाठी झालेल्या खटपटींचा इतिहास आहे. 2007च्या डिसेंबरात वेबकिटच्या, म्हणजे ॲपलच्या सफारीतल्या इंजिनाच्या, चमूने सनस्पायडर आणला. जावास्क्रिप्टचे छोटे छोटे तुकडे चालवायचे आणि वेळ मोजायचा, असा तो मामला. 2010 मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर 9 ची पूर्वावृत्ती त्यातल्या गणिताच्या एका तुकड्यावर विश्वास बसू नये इतकी वेगवान निघाली. फायरफॉक्सवाल्या मोझिलाच्या एका अभियंत्याने त्या तुकड्यात परिणाम न बदलणारी एक बिनकामाची ओळ घालून पाहिली, तर वेळ एकदम कितीतरी पट वाढला. ज्या कोडच्या उत्तराचा पुढे कुठेच उपयोग होत नाही तो आमचं इंजिन ओळखून गाळतं, असा खुलासा मायक्रोसॉफ्टने केला. खुलासा तांत्रिकदृष्ट्या चूक नव्हता. पण ज्या चाचणीतलं काम करायचं टाळता येतं, ती चाचणी कामाचा वेग मोजत नाही, एवढं त्यातून सगळ्यांना कळलं.

पुढे गूगलचा ऑक्टेन 2012 मध्ये आला आणि 2017 मध्ये व्ही-8 च्या चमूने स्वतःच तो बंद केला. ऑक्टेनचे गुण वाढवण्याच्या नादात इंजिनं त्या एका चाचणीला सरावली होती आणि खऱ्या पानांना त्याचा फारसा फायदा होत नव्हता, कधी तोटाही होत होता. जाहीरपणे आपलाच बेंचमार्क मोडीत काढायला धाडस लागतं, त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. आजही कुणी सनस्पायडर किंवा ऑक्टेनचे आकडे तोंडावर फेकत असेल तर ऐकून घ्या आणि पुढे चला.

स्पीडोमीटर या खटपटींतून शहाणा झालेला आहे. पहिली आवृत्ती वेबकिटने 2014 मध्ये काढली, दुसरी 2018 मध्ये आली आणि तिसरी मार्च 2024 मध्ये. तिसरी ॲपल, गूगल आणि मोझिला यांनी एकत्र बसून केली. मोठा बदल करायचा तर तिन्ही इंजिनांची संमती लागते, त्यामुळे एकाला सोयीची चाचणी घुसवणं अवघड झालं. आत चालतं काय? कामांची यादी ठेवणारं एक छोटं ॲप असतं. त्यात शंभर नोंदी घालायच्या, सगळ्यांवर खूण करायची, सगळ्या पुसायच्या. हेच काम रिॲक्ट, अँग्युलर, व्ह्यू, जेक्वेरी या वेब ॲप बनवायच्या तयार साच्यांमध्ये आणि साध्या जावास्क्रिप्टमध्येही. जोडीला मजकूर संपादक, तक्ते काढणारी पानं आणि बातम्यांच्या संकेतस्थळाचा नमुना. प्रत्येक टप्प्यावर जावास्क्रिप्टचा वेळ तर धरतातच, पण त्यानंतर पान नव्याने मांडायला लागलेला वेळही पकडण्याचा प्रयत्न तिसऱ्या आवृत्तीने केला आहे. सगळ्या उपचाचण्यांचा भूमितीमध्य (गुणाकारावर आधारलेली सरासरी) काढून एक गुण देतात. गुण जितका जास्त तितकं चांगलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीच्या गुणांची मोजपट्टीच वेगळी आहे, त्यामुळे जुन्या लेखातला आकडा घेऊन तुलना करायला जाऊ नका.

एकच चाचणी चालवून 'हा ब्राउझर साधारण कसा आहे' एवढंच विचारायचं असेल तर मी डोळे झाकून स्पीडोमीटर 3 घेतो. पण त्यात काय नाही ते बघा. नेटवर्क नाही. लॉगिन नाही. डिस्कवरची कॅश, म्हणजे आधी उतरवून जपून ठेवलेल्या फाइली, नाही. खरा माउस नाही, क्लिक स्क्रिप्टच करते. स्क्रोल नाही. छपाई नाही. आणि तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं, शेजारी उघडे असलेले दुसरे सात टॅब नाहीत.

जेटस्ट्रीम 2 हा 2019चा. त्यात 64 उपचाचण्या आहेत, जावास्क्रिप्ट आणि वेबअसेम्ब्लीच्या (ब्राउझरमध्ये चालणारा, यंत्रभाषेच्या जवळचा कोड). बहुतेक जावास्क्रिप्ट चाचण्यांत पहिल्या फेरीचा वेळ, सर्वांत वाईट फेऱ्यांचा वेळ आणि उरलेल्यांची सरासरी असे तीन भाग धरतात. ही रचना मला आवडते, कारण पान उघडल्या उघडल्या होणारी अडखळ त्यात लपत नाही. पण पानाची मांडणी, रंगकाम, तक्ते, फॉर्म यांना तो शिवतही नाही. ब्राउझरमध्ये चालणारा व्हिडिओ संपादक, खेळ किंवा सांकेतिकीकरणाचं जड काम असेल तर जेटस्ट्रीम बघावा. पावत्या फाडणाऱ्या काउंटरला त्याचा उपयोग जवळपास शून्य.

मोशनमार्क ग्राफिक्सचा. ठरलेला फ्रेम-वेग टिकवून पडद्यावर किती गुंतागुंतीचं चित्र हलवता येतं ते तो पाहतो. पडद्याचा आकार बदलला की निकाल बदलतो. तुम्हाला नको.

लाइटहाउसचं नाव या चर्चेत हमखास निघतं म्हणून सांगतो. तो संकेतस्थळ मोजतो, ब्राउझर नाही. क्रोमियमच्या घरातच चालतो, आणि मोबाइलसाठीच्या चाचणीत नेट आणि प्रोसेसर मुद्दाम मंद धरतो. त्या प्रोसेसरच्या मंदीचा गुणकही तुमच्याच यंत्राच्या वेगावर लावलेला असतो, म्हणजे वेगवान लॅपटॉपवरचा 'चौपट मंद' आणि शाखेतल्या यंत्रावरचा 'चौपट मंद' यांत जमीन-अस्मानाचा फरक. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीशी भांडायचं असेल तेव्हा लाइटहाउस कामाला येतो. फायरफॉक्स की क्रोम, हे ठरवायला नाही.

आता काउंटरकडे. 4 जीबी रॅममध्ये विंडोज, अँटिव्हायरस, प्रिंटरचं आणि अंगठ्याच्या ठशाचं सॉफ्टवेअर, एखादी एक्सेलची फाइल आणि ब्राउझरचे सहा-सात टॅब. रॅम पुरेनाशी झाली की विंडोज त्यातल्या डेटाचे तुकडे डिस्कवर टाकतं आणि लागले की परत उचलतं. फिरत्या हार्ड डिस्कवर इकडचं-तिकडचं वाचायला एका खेपेला साधारण 10 मिलिसेकंद जातात. अशा पन्नास खेपा झाल्या की अर्धा सेकंद गेला, आणि त्या अर्ध्या सेकंदात क्रोमचं व्ही-8 वेगवान की फायरफॉक्सचं स्पायडरमंकी याला काडीची किंमत नाही. तुम्ही स्पीडोमीटर चालवलात तेव्हा बहुधा बाकी सगळं बंद केलं असेल. तशा सूचनाच असतात आणि इंजिनांची तुलना करायला त्या योग्यही आहेत. पण त्यामुळे काउंटरची खरी अडचण चाचणीच्या बाहेर राहिली. तिथल्या मंडळींना फायरफॉक्स बरा वाटतो तो यामुळेच, असं मी छातीठोक सांगत नाही. कदाचित त्यांच्या क्रोममध्ये तीन-चार एक्स्टेन्शन्स बसलेली असतील. मोजल्याशिवाय कळणार नाही, आणि मोजायचं ते याच गर्दीत.

म्हणून चाचणी अशी आखा. काउंटरवर दिवसभरात सर्वांत जास्त वेळा होणारं एक काम निवडा. समजा, रोख भरणा: खाते क्रमांक टाकायचा, सभासदाचं नाव आणि शिल्लक दिसायची, रक्कम भरायची, जतन करायचं. मोजायचं काय? पान 'लोड' झालं की नाही ते नाही. 'जतन करा' दाबल्यापासून पुढचा कोरा फॉर्म येऊन खाते क्रमांकाच्या चौकटीत कर्सर लुकलुकायला लागेपर्यंतचा वेळ. रांगेतल्या पुढच्या माणसाचं काम तिथून सुरू होतं. सॉफ्टवेअरवाल्या कंपनीशी बोलता येत असेल तर या दोन क्षणांना त्यांना खुणा लावायला सांगा. परफॉर्मन्स मार्क नावाची सोय सगळ्या ब्राउझरांत आहे, दोन ओळींचं काम आहे. तयार नसतील तर चाचणीची स्क्रिप्ट बाहेरूनही ती चौकट कधी तयार झाली ते पाहू शकते.

ब्राउझरटाइम हे साइटस्पीड कुटुंबातलं मुक्त साधन. विकिपीडिया चालवणारं विकिमीडिया फाउंडेशन आपल्या पानांचा वेग पाहायला याच कुटुंबातली साधनं वापरतं. ते वेबड्रायव्हर या, ब्राउझरला बाहेरून आज्ञा देण्याच्या सोयीमार्फत क्रोम, एज, फायरफॉक्स आणि मॅकवर सफारी चालवतं. तीच स्क्रिप्ट, तेच क्लिक, ब्राउझर वेगळा. लॉगिनसकट अख्खा प्रवास तुम्ही जावास्क्रिप्टच्या छोट्या फाइलमध्ये लिहिता, 'इथून मोज, इथे थांब' असं सांगता, किती फेऱ्या हव्यात ते देता आणि निकाल जेसन या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये मिळतो. पडद्याचं चित्रीकरण करून पान डोळ्यांना कधी पूर्ण दिसलं हेही ते काढतं, पण ती सोय लिनक्सवर, डॉकरमध्ये (सगळी तयारी आत असलेल्या बंदिस्त डब्यात) सुखाने चालते. तुमच्या विंडोजच्या यंत्रांवर त्या भानगडीत पडू नका, खुणांमधले वेळ पुरेत.

सुरुवातीलाच दोन गोष्टी सांभाळा. पहिली अशी की ही मोजणी चाचणीसाठीच्या वेगळ्या सर्व्हरवर आणि बनावट सभासदांवरच चालवा. या साधनाच्या निकालात हार फाइल, म्हणजे नेटवर्कवरून गेल्या-आल्या सगळ्याची नोंद, असते, तिच्यात कुकीज आणि सत्राच्या किल्ल्या उघड्या पडलेल्या असू शकतात; स्क्रीनशॉटमध्ये खात्यांची शिल्लक येते. खऱ्या सर्व्हरवरची अशी फाइल ईमेलने इकडून तिकडे फिरली तर वेगाचा विषय राहील बाजूला. दुसरी गोष्ट कॅशची. ही साधनं प्रत्येक फेरीला कोरं प्रोफाइल घेऊन ब्राउझर उघडतात. तुमचा कर्मचारी सकाळी एकदा ब्राउझर उघडतो आणि संध्याकाळी बंद करतो. तेव्हा प्रत्येक फेरीत मोजणी सुरू करण्याआधी तोच प्रवास एकदा न मोजता करून घ्या, म्हणजे कॅश भरलेली असेल.

बनावट सभासदांची नावं 'टेस्ट 1, टेस्ट 2' अशी ठेवू नका. ज्ञानेश्वर, कृष्णाबाई, द्रौपदी, श्रीरंग अशी जोडाक्षरं असलेली मराठी नावं भरा, आणि शोधाच्या यादीत शेकडो ओळी येतील असं बघा. देवनागरीत अक्षरांचे आकार जुळवण्याचं काम रोमनपेक्षा जास्त असतं. क्रोम आणि फायरफॉक्स दोघेही त्यासाठी हार्फबझ हीच लायब्ररी वापरतात, पण तिच्याभोवतीची कॅश आणि मांडणी प्रत्येकाची स्वतःची आहे. फरक बहुधा मोठा निघणार नाही. तरी तुमचं रोजचं पान मराठीत असताना चाचणी रोमनवर का करावी?

आता खरी डोकेदुखी, म्हणजे आकड्यांतली हालचाल. तीन फेऱ्या क्रोमवर, मग तीन फायरफॉक्सवर, आणि सरासरी काढून निकाल: अशी तुलना मी वाचतसुद्धा नाही. दरम्यान विंडोजच्या डिफेंडर या अँटिव्हायरसची तपासणी सुरू झाली असेल, विंडोज अपडेट डाउनलोड होत असेल, यंत्र तापलं असेल. म्हणून आलटून पालटून चालवायचं. क्रोम, फायरफॉक्स, एज, पुन्हा क्रोम, असं फिरत राहायचं, म्हणजे यंत्राच्या मूडचा फटका तिघांना सारखा बसतो. नव्या प्रोफाइलचा ब्राउझर पहिली काही मिनिटं मागच्या दाराने स्वतःच्याच याद्या आणि घटक उतरवत असतो, तेवढा वेळ जाऊ द्या. चाचणीची खिडकी समोरच हवी. झाकलेल्या टॅबचे टायमर ब्राउझर मुद्दाम मंदावतात आणि रंगकाम थांबवतात. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला असू द्या.

आणि ब्राउझरांची तुलना करण्याआधी क्रोमची तुलना क्रोमशी करा. तोच ब्राउझर, तीच आवृत्ती, दोन वेगळी प्रोफाइलं, एकाला 'अ' म्हणा, दुसऱ्याला 'ब', आणि पूर्ण चाचणी चालवा. 'अ' आणि 'ब' मध्ये 6 टक्के फरक आला तर तुमच्या यंत्रावर 6 टक्क्यांच्या आतला कोणताही फरक म्हणजे गोंगाट. हे काम कंटाळवाणं आहे आणि बहुतेक लोक ते टाळतात. माझ्या अनुभवात ब्राउझरांविषयीचे निम्मे वाद या एका पायरीवरच निकालात निघतात.

आकडे वाचताना मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) बघा, सरासरी नको. मध्यकाच्या शेजारी वाईट टोकही बघा: शंभरातल्या सर्वांत हळू पाच फेऱ्यांना किती वेळ लागला? काउंटरवर रांग खोळंबते ती त्या पाच फेऱ्यांमुळे. एखादा ब्राउझर मध्यकात 40 मिलिसेकंदांनी मागे असेल पण त्याचं वाईट टोक दीड सेकंदाऐवजी सातशे मिलिसेकंदांवर थांबत असेल, तर मी तोच निवडेन. उलट एकेका मिलिसेकंदाच्या मागे लागू नका. 2018च्या जानेवारीत स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीची भानगड उघड झाल्यावर सगळ्या ब्राउझरांनी पानातली घड्याळं मुद्दाम बोथट केली. फायरफॉक्स आणि सफारीत ती साधारण मिलिसेकंदापर्यंतच ढोबळ वेळ सांगतात, क्रोममध्ये त्याहून बारीक. शेकडो मिलिसेकंदांच्या कामाला त्याने फरक पडत नाही, पण इवलेसे तुकडे मोजून ब्राउझर-ब्राउझर तुलना करणाऱ्याला हे घड्याळच फसवतं.

साधनावर विश्वास ठेवण्याआधी एक पडताळणी आणखी करा, आणि तिला पैसे लागत नाहीत. आजच्या बऱ्याच मोबाइलमध्ये सेकंदाला 240 फ्रेमचं स्लो-मोशन चित्रीकरण असतं. मोबाइल स्टँडवर असा लावा की एंटरची कळ आणि पडदा दोन्ही चौकटीत येतील. कळ तळाला टेकल्याच्या फ्रेमपासून कोऱ्या फॉर्मच्या फ्रेमपर्यंत फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे साधारण 4 मिलिसेकंद. यात कीबोर्ड, विंडोज, ब्राउझर, सर्व्हर, मॉनिटर सगळं आलं, म्हणजे माणसाला जाणवतो तो वेळ. ब्राउझरटाइम 300 सांगतोय आणि कॅमेरा 700, असं निघालं तर तुमची खूण चुकीच्या जागी लागली आहे. डेटा आल्यावर लावली असेल, पान रंगवून झाल्यावर नाही. पाच-सहा नमुने पुरतात, रोज करायची गोष्ट नाही ही.

मेमरीसाठी वेगळं साधन विकत घेऊ नका. टास्क मॅनेजरमध्ये ब्राउझरच्या दहा-बारा प्रोसेस दिसतात, त्यांचे वर्किंग सेटचे (प्रत्येकीने त्या क्षणी व्यापलेल्या रॅमचे) आकडे जोडले तर सामायिक मेमरी अनेकदा मोजली जाते. त्यापेक्षा परफॉर्मन्स टॅबमधला मेमरीचा 'कमिटेड' हा अख्ख्या यंत्राचा आकडा ब्राउझर उघडण्याआधी आणि सातही टॅब उघडून काम केल्यानंतर लिहून ठेवा. फरक तो ब्राउझरचा, आणि तिघांना एकच माप लागलं. सोबत रिसोर्स मॉनिटरमधले सेकंदाला किती 'हार्ड फॉल्ट' ते, म्हणजे रॅममध्ये न सापडलेला डेटा किती वेळा डिस्कवरून उचलावा लागला ते बघा. चाचणीतला एखादा क्लिक अडकला त्याच क्षणी हा आलेख उसळलेला दिसला, तर चोर सापडला.

इथे एक सावधगिरी. मेमरी वाचवण्यासाठी एज टॅब झोपवतो, क्रोमला मेमरी सेव्हर आहे, फायरफॉक्सही रॅम संपत आली की न वापरलेले टॅब उतरवतो. चाचणीत हे छान दिसतं. प्रत्यक्षात अर्धा भरलेला फॉर्म सोडून कर्मचारी दुसऱ्या टॅबवर गेला आणि परत आला, तर पान नव्याने उघडून भरलेलं जायची शक्यता असते. क्रोम आणि एजमध्ये तुमच्या सॉफ्टवेअरचा पत्ता अपवादाच्या यादीत टाकता येतो. तो टाकूनच मोजा, कारण शाखांमध्येही तसाच लावावा लागेल.

बाकीच्या साधनांबद्दल दोन शब्द. वेबपेजटेस्ट जुनं आणि भरवशाचं, एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीत 2008 साली सुरू झालेलं, पण ते इंटरनेटवर उघड्या असलेल्या पानांसाठी सोयीचं. तुमचं सॉफ्टवेअर संस्थेच्या जाळ्याच्या आत असेल तर त्याची स्वतःची प्रत उभारण्याचा खटाटोप या कामाला जड आहे. स्पीडोमीटरचे आकडे तरीही व्यवस्थापनाला दाखवायचे असतील तर हाताने चालवू नका. गूगलचं क्रॉसबेंच हे साधन अनेक ब्राउझरांवर तीच चाचणी ओळीने चालवून निकाल एकत्र देतं. आणि कुणी संचालक आयफोनवर क्रोम आणि सफारीची शर्यत लावून दाखवायला लागले तर त्यांना नम्रपणे सांगा, की आपल्याकडच्या आयफोनवर दोन्हींच्या पोटात वेबकिटच आहे. युरोपीय संघात 2024 पासून ॲपलने दुसऱ्या इंजिनांना वाट दिली, इथे नाही.

चाचणीच्या आराखड्यात माझ्याकडून एक स्तंभ वाढवा. तीन ब्राउझरांचे तीन स्तंभ झाले की त्याच जातीच्या एका यंत्रात हार्ड डिस्क काढून साधी एसएसडी बसवा आणि तीच चाचणी पुन्हा चालवा. जमलं तर 8 जीबी रॅमसह आणखी एकदा. ब्राउझर बदलून पडणारा फरक आणि डिस्क बदलून पडणारा फरक एकाच कागदावर शेजारी शेजारी आले, की व्यवस्थापनासमोर कोणता प्रस्ताव ठेवायचा ते तुम्हालाच दिसेल. मला अंदाज आहे, पण तो मी सांगितला तर तुम्ही मोजणार नाही.

प्रत्येक आकड्याशेजारी ब्राउझरची पूर्ण आवृत्ती लिहा, विंडोजची आवृत्ती लिहा, लावलेल्या पॉलिसी लिहा. ब्राउझर दर काही आठवड्यांनी बदलतात आणि आवृत्तीशिवायचा आकडा सहा महिन्यांनी कुणाच्याच उपयोगाचा राहत नाही. चाचणी चालू असताना क्रोम मधेच अपडेट होऊ नये म्हणून 'क्रोम फॉर टेस्टिंग' नावाची आवृत्ती मिळते, ती स्वतःहून बदलत नाही. ती फक्त चाचणीच्या यंत्रावर ठेवा, काउंटरवर चुकूनही नको. विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे, तेव्हा जी यंत्रं येत्या वर्षात बदलायचीच आहेत त्यांच्यावर ही मेहनत घालवू नका. जी राहणार आहेत त्यांच्यातलं सर्वांत कुरकुरणारं यंत्र शाखेतून मागवून घ्या. ते फॉरमॅट न करता, आहे त्या अवस्थेत टेबलावर घ्या, त्यातल्या क्रोमची एक्स्टेन्शन्स आधी मोजा, आणि मग स्क्रिप्ट लिहायला बसा.